शिंप्याचा मुलगा आणि इंग्रजीचा महाकोश

ऑक्सफर्डच्या मध्यवस्तीतून उत्तरेकडे जाणाऱ्या बॅनबरी रस्त्यावर ७८ क्रमांकाचे एक प्रशस्त घर आहे. भिंतीवर निळी पाटी, फाटकाबाहेर लाल टपालपेटी. पर्यटकांचे जथे ख्राइस्ट चर्च आणि बॉडलियन ग्रंथालयापाशीच रेंगाळतात. इथवर सहसा कोणी फिरकत नाही. ही टपालपेटी टपाल खात्याने एकाच गृहस्थाच्या सोयीसाठी इथे बसवली, कारण या घरातून रोज बाहेर पडणारी पत्रे वाहून नेणे हेच एक काम होऊन बसले होते. पाकिटावर नुसते नाव आणि ऑक्सफर्ड एवढे लिहिले तरी पत्र बिनचूक पोचे. ते नाव होते जेम्स मरे, आज जगभर ऑक्सफर्ड शब्दकोश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाकोशाचे संपादक.

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी इंग्रजीतले अवघड शब्द यादी करून पाठ केले आहेत. कोणी परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी, कोणी मुलाखतीसाठी, कोणी इंग्रजी माध्यमातून आलेल्या सहकाऱ्यांपुढे उणे पडू नये म्हणून. लंडनमध्ये पत्रकारिता करताना इतकी वर्षे गेली, तरी एखादा भारदस्त शब्द उच्चारण्यापूर्वी तो मनातल्या मनात एकदा तपासून पाहण्याची माझी सवय सुटलेली नाही. म्हणूनच मरे यांचे चरित्र मला जवळचे वाटते. इंग्रजीतील शब्दांचा अधिकृत पंच म्हणून ज्याच्याकडे जग पाहू लागले, तो माणूस इंग्लंडात आयुष्यभर थोडासा बाहेरचाच राहिला.

जेम्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, हॉइक गावाजवळच्या डेनम या खेड्यात झाला. वडील शिंपी. घरात आणि गावात बोलली जाई ती सीमाप्रांतातली स्कॉट्स बोली. इंग्रजी ही शाळेची आणि पुस्तकांची भाषा. फी परवडेना म्हणून १४ व्या वर्षी शाळा सुटली. पुढचे शिक्षण त्याने स्वतःच घेतले, तेही हाती येईल त्या साधनाने. लॅटिन शिकला तेव्हा शेजारच्या शेतातील गाईंनी लॅटिन हाकेला ओ द्यावी म्हणून त्याने खटपट केल्याची गोष्ट त्याच्या घरात पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. गाईंची प्रगती कितपत झाली हे नमूद नाही. १७ व्या वर्षी तो हॉइकच्या शाळेत दुय्यम शिक्षक झाला आणि २० व्या वर्षी दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक. त्या भागात जेम्स मरे नावाची माणसे पुष्कळ असल्याने गोंधळ टाळण्यासाठी त्याने आपल्या नावात ऑगस्टस आणि हेन्री ही दोन नावे स्वतःच जोडून घेतली.

१८६२ मध्ये मॅगी स्कॉट या संगीतशिक्षिकेशी त्याचा विवाह झाला. दोन वर्षांनी मुलगी झाली आणि क्षयाने तान्ही असतानाच गेली. मॅगीलाही तोच रोग जडला. स्कॉटलंडचा हिवाळा टाळा, असा वैद्यांचा सल्ला पडला. युरोपच्या दक्षिणेला जाण्याइतके पैसे नव्हते म्हणून निदान लंडन गाठायचे ठरले. मुख्याध्यापकाची जागा सोडून मरे लंडनमध्ये कारकून झाले. बँक होती चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना, म्हणजे आजच्या स्टँडर्ड चार्टर्डची एक पूर्वज. कॅनरी व्हार्फला रोज जाणाऱ्या आपल्या मंडळींना ही माहिती गमतीची वाटेल. मॅगी वर्षभरातच निवर्तली. ज्या कारणासाठी नोकरी पत्करली ते कारण उरले नाही, पण नोकरी राहिली.

या बँकेच्या वाटेवर, जाता-येता, मरे हिंदुस्थानी आणि प्राचीन पर्शियन शिकत. गस्तीवरच्या पोलिसाचे बोलणे ऐकून तो स्कॉटलंडच्या कोणत्या भागातला हे ओळखणे हा त्यांचा विरंगुळा होता. १८६६ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियममधील जागेसाठी अर्ज केला. त्यात येत असलेल्या भाषांची यादी दिली होती: लॅटिन, फ्रेंच, इटालियनपासून जर्मन, डच, अँग्लो-सॅक्सन, हिब्रू, सिरियाक आणि थोडी संस्कृतदेखील. अर्ज नामंजूर झाला. पदवीच नव्हती, ओळखीपाळखी नव्हत्या.

१८६७ मध्ये त्यांनी एडाशी दुसरा विवाह केला. त्या लग्नात वराचा पाठराखा होता अलेक्झांडर ग्रॅहम बेल, पुढे टेलिफोनचा जनक म्हणून गाजलेला. तरुणपणी विजेचे प्राथमिक धडे त्याला मरे यांनीच दिले होते. एडा यांनी ११ मुलांचा संसार, चंचल उत्पन्न आणि नवऱ्याचे वाढते वेड हे सगळे अर्धशतकभर सांभाळले. कोशाच्या इतिहासात त्यांचे नाव यावे तितके येत नाही, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

मरे यांना बाहेर काढले ते त्यांच्या मायबोलीने. दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भाषापंडितांच्या वर्तुळात त्यांचे नाव झाले. ज्या बोलीमुळे सभ्य इंग्रज समाजात माणूस हिणवला जाई, तीच त्यांची विद्या ठरली. तोवर बँक सोडून ते लंडनच्या उत्तरेकडील मिल हिल शाळेत शिक्षक झाले होते. लंडन विद्यापीठाची बी. ए. पदवीही त्यांनी त्याच वर्षी, वयाच्या ३६ व्या वर्षी, नोकरी सांभाळून घेतली.

इथे कोशाची थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. इंग्रजीतला पहिला एकभाषी शब्दकोश मानला जातो तो रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराचा, १६०४ सालचा. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते आणि ते सगळे अवघड! लॅटिन-ग्रीकमधून इंग्रजीत घुसलेले जडजंबाल शब्द सामान्यांना, विशेषतः लॅटिन न शिकलेल्या स्त्रियांना, कळावेत हा त्याचा हेतू. साधे शब्द कोशात कशाला, ते तर सगळ्यांनाच येतात, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणजे आपण परीक्षेसाठी घोकतो त्या याद्यांचे कुळ चार शतके जुने आहे. १७५५ मध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी सुमारे ४२ हजार शब्दांचा कोश केला आणि अर्थाबरोबर ग्रंथांतील उदाहरणे देण्याची प्रथा इंग्रजीत रुजवली. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच यांनी उपलब्ध कोशांच्या उणिवांवर व्याख्याने दिली आणि नव्या कोशाची कल्पना मूळ धरू लागली. योगायोग असा की त्याच १८५७ मध्ये मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुमारे ६० हजार शब्दांची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. इंग्रजीच्या महाकोशाची नुसती चर्चा चालू होती तेव्हा मराठीचा कोश छापून तयार होता. अर्थात पुढे आपण किती मागे पडलो हेही ठाऊक आहेच.

सोसायटीचे पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज तिशीतच वारले. दुसरे फ्रेडरिक फर्निव्हल उत्साही खरे, पण विस्कळीत. १८७८ च्या एप्रिलमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाच्या संचालकांनी मरे यांना भेटीस बोलावले आणि १ मार्च १८७९ रोजी करार झाला. दहा वर्षे, चार खंड, सुमारे ७,००० पृष्ठे. मरे तेव्हा ४२ वर्षांचे होते. शाळेची नोकरी सुटणार नव्हती, आणि ठरलेल्या मोबदल्यातूनच सहायकांचे पगारही भागवायचे होते.

फर्निव्हल यांच्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांचे वजन दोन टनांच्या आसपास होते. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरिणीने पिले घातलेली. एका अक्षराच्या चिठ्ठ्या थेट इटलीतील फ्लोरेन्समध्ये सापडल्या. दुसऱ्या काही आयर्लंडमध्ये, त्यातल्या बऱ्याचशा विस्तव पेटवायला वापरून झाल्या होत्या. या पसाऱ्यासाठी मरे यांनी शाळेच्या आवारातील आपल्या घरापुढे पन्हाळी पत्र्याची एक खोली उभारली, आत हजाराहून अधिक लाकडी खण बसवले आणि तिला मध्ययुगीन मठातील लेखनशाळेचे नाव दिले: स्क्रिप्टोरियम. बाहेरून ती गोदामासारखी दिसे.

मग त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जगाला आवाहन केले. पुस्तके वाचा, एखादा शब्द जिथे आढळेल तिथले पूर्ण वाक्य कागदाच्या एका चिठ्ठीवर उतरवा, ग्रंथ, वर्ष आणि पृष्ठ लिहा आणि पाठवा. ब्रिटन, अमेरिका आणि वसाहतींमधून शेकडो लोक या कामाला लागले. पाद्री, डॉक्टर, शिक्षक, घरी बसलेल्या विदुषी. कोणालाच मोबदला नव्हता. चिठ्ठ्या आल्या की त्या कालक्रमाने लावायच्या, अर्थच्छटा वेगळ्या करायच्या, सर्वांत जुना वापर कधीचा ते पाहायचे आणि मग व्याख्या लिहायची. अर्थ आधी ठरवून उदाहरण शोधायचे नाही. उदाहरणे समोर मांडायची आणि त्यांतून अर्थ काढायचा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण शब्द शिकतो ते नेमके याच्या उलट.

काम सुरू होताच एक विचित्र गोष्ट मरे यांच्या लक्षात आली. वाचक नेटाने दुर्मीळ शब्द टिपून पाठवत होते, साधे शब्द मात्र त्यांच्या डोळ्यांसमोरून निसटत होते. 'अब्यूजन' या जवळजवळ मृत शब्दाच्या ५० च्या आसपास चिठ्ठ्या जमल्या. रोजच्या वापरातल्या 'अब्यूज'च्या पाचसुद्धा नव्हत्या. अवघड शब्द आपण पाहतो, सोप्या शब्दांतून नुसते जातो. अखेर साध्या शब्दांची उदाहरणे मरे आणि त्यांच्या सहायकांनाच शोधत बसावे लागले. आणि कोशकाराचा घाम काढला तो याच शब्दांनी. काळा या अर्थाचा 'ब्लॅक' हा शब्द आणि त्याचा परिवार यांवर एका चांगल्या सहायकाचे तीन महिने गेले. आमच्या पिढीने प्रवेशपरीक्षांसाठी घोकलेले बहुतेक शब्द एकाच अर्थाचे होते, म्हणून ते पाठ होत. नोकरीत पडल्यावर अडखळायला झाले ते 'सेट', 'टेक', 'पुट' यांसारख्या चिमुकल्या क्रियापदांपाशी, ज्यांची यादी कोणी कधी दिली नव्हती.

१८८४ च्या आरंभी पहिला भाग बाहेर पडला. ३५२ पृष्ठे झाली होती आणि मजल 'ए'पासून 'अँट'पर्यंत पोचली होती. करार होऊन पाच वर्षे लोटली होती. दहा वर्षांत कोश पुरा होणार नाही हे आता शेंबड्या पोरालाही दिसत होते. मुद्रणालयाच्या संचालकांना काळजी पडली ती खर्चाची. विद्यापीठाचे कुलगुरू बेंजामिन जॉवेट यांनी तर त्याआधीच मरे यांच्या प्रस्तावनेत आणि पद्धतीत हात घातला होता. उदाहरणे कमी करा, थोर साहित्यिकांचीच घ्या, वर्तमानपत्रांची नकोत, वेग वाढवा. मरे राजीनाम्याच्या तयारीला आले. वर्तमानपत्रातले वाक्यही भाषेचाच पुरावा आहे, या मुद्द्यावर ते हटले नाहीत, आणि पत्रकार म्हणून त्याबद्दल मी त्यांचा कृतज्ञ आहे. पुढे याच जॉवेट यांच्याशी त्यांचा इतका स्नेह जमला की धाकट्या मुलाच्या नावात त्यांनी जॉवेट हे नाव घातले.

१८८५ मध्ये शाळेची नोकरी सोडून कुटुंब ऑक्सफर्डला, बॅनबरी रस्त्यावरच्या घरी आले. मागच्या बागेत नवे स्क्रिप्टोरियम उभे राहिले. शेजारच्या प्राध्यापकमहाशयांना आपल्या खिडकीतून पत्र्याची शेड दिसायला नको होती. त्यांच्या तक्रारीमुळे ती जमिनीत सुमारे तीन फूट खाली बसवावी लागली. त्यामुळे आत ओल आणि गारठा. हिवाळ्यात मरे जाड कोट घालून आणि वाऱ्यापासून बचाव म्हणून पाय खोक्यात ठेवून काम करीत. इंग्रजी भाषेचा सर्वांत मोठा ग्रंथ अशा तळघरवजा पत्र्याच्या खोलीत तयार होत होता आणि विद्यापीठाने ना त्यांना एखाद्या महाविद्यालयाचे सदस्यत्व देऊ केले, ना अध्यासन. ते स्कॉट होते, शिंप्याचे पुत्र होते, चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथाचे होते आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचे पदवीधर नव्हते. ऑक्सफर्डमध्ये राहूनही ते ऑक्सफर्डचे झाले नाहीत.

घरातली मुले जाणती झाली की चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावायला बसत आणि वयानुसार त्यांना खाऊचे पैसे मिळत. या घरातली मुले लहानपणीच भलभलते शब्द वापरत यात नवल नाही. ते त्यांना पाठांतराने नव्हे, हाताळून आले होते.

दूरस्थ मदतनीसांपैकी दोघांच्या कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिले फिट्झएडवर्ड हॉल. हे अमेरिकन गृहस्थ १८४६ मध्ये पळून गेलेल्या भावाच्या शोधात कलकत्त्याला निघाले, गंगेच्या मुखाशी जहाज फुटले आणि ते हिंदुस्थानातच राहिले. बनारसच्या सरकारी महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. संस्कृत ग्रंथाचे संपादन करणारे ते पहिले अमेरिकन. १८५७ च्या धामधुमीत ते सागरच्या किल्ल्यात अनेक महिने अडकून पडले होते. हे सागर म्हणजे मराठेशाहीत गोविंदपंत बुंदेल्यांच्या कारभाराचे ठाणे. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले, फिलॉलॉजिकल सोसायटीशी त्यांचे बिनसले आणि सफोकमधल्या एका खेड्यात ते एकांतवासात गेले. तिथून सुमारे २० वर्षे, १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, रोज काही तास ते कोशाची मुद्रिते तपासत राहिले. मरे यांची आणि त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

दुसरे डॉ. विल्यम मायनर. अमेरिकन यादवी युद्धातले लष्करी शल्यविशारद. मनोविकाराच्या भरात १८७२ मध्ये त्यांनी लंडनमधील लँबेथ भागात जॉर्ज मेरेट या निरपराध मजुराला गोळी घालून ठार केले आणि त्यांची रवानगी ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात झाली. कोठडीत पुस्तके होती. तिथून त्यांनी हजारो चिठ्ठ्या पाठवल्या, त्याही संपादकांना नेमका जो शब्द हवा असेल त्याच्या. मरे त्यांना भव्य रुग्णालयाचे डॉक्टर समजून भेटायला गेले आणि तिथे सत्य कळून थक्क झाले, ही लोकप्रिय कथा मात्र वार्ताहराची करामत आहे. भेटीपूर्वीच त्यांना वस्तुस्थिती कळली होती, आणि ती कळूनही १८९१ पासून ते वेळोवेळी भेटायला जात राहिले. १९१० मध्ये मायनर यांना अमेरिकेला पाठवण्याचा आदेश तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी काढला.

हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेले कितीतरी शब्द मरे यांच्या वाट्याला आलेल्या अक्षरांत पडले. त्यातला 'जंगल' पाहण्याजोगा आहे. व्युत्पत्तीत हिंदीबरोबर मराठीचे नाव आहे, आणि मागे संस्कृत 'जांगल', म्हणजे कोरडी, निर्जल भूमी. ओसाड माळरान, मग झुडपांचे रान, मग इंग्रजांच्या तोंडी घनदाट, ओलसर अरण्य. शब्द आपला अर्थ जवळजवळ उलटा करून बसला, आणि त्याचा प्रत्येक टप्पा सालवार दाखवता येतो. हे वाचल्यावर कोशाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

चुका झाल्या नाहीत असे नाही. 'अपेंडिसायटिस' हा तेव्हा नवा असलेला शब्द वैद्यकातील तज्ज्ञाच्या सल्ल्यावरून वगळला गेला. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक त्याच विकारामुळे पुढे ढकलला गेला आणि तो शब्द सर्वतोमुखी झाला. 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या आणि खंड छापून गेल्यावर उमगले की तो शब्दच राहिला. हरवलेल्या या शब्दाची रुखरुख मरे यांना पुष्कळ लागली.

कामाचा भार एकट्याने उचलणे अशक्य होते. पहिल्या भागाचे मार्मिक परीक्षण लिहिणारे हेन्री ब्रॅडली पुढे दुसरे संपादक झाले, मग क्रेगी, मग अनियन्स. मरे पहाटे उठून कामाला बसत ते रात्रीपर्यंत. १९०८ मध्ये 'सर' किताब मिळाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९१४ मध्ये; एडिंबराने ती तब्बल ४० वर्षे आधी दिली होती.

१९१७ मध्ये आपल्या ८० व्या वाढदिवसापर्यंत कोश पुरा व्हावा अशी त्यांची आशा होती. १९१५ च्या जुलैमध्ये स्क्रिप्टोरियममध्ये सहायकांसह त्यांचे शेवटचे छायाचित्र घेतले गेले; तेव्हा ते 'टी' अक्षरावर काम करीत होते. २६ जुलैला फुप्फुसावरणाच्या दाहाने ते गेले. ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत, चिनी भाषेचे पंडित जेम्स लेग यांच्या शेजारी त्यांची समाधी आहे.

कोश संपला एप्रिल १९२८ मध्ये: दहा खंड, १५,४९० पृष्ठे, ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांहून अधिक उदाहरणे. त्यातली जवळजवळ निम्मी, ७,२०७ पृष्ठे एकट्या मरे यांच्या संपादनाखाली झालेली. चारच वर्षांनी पुण्यात दाते आणि कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चा पहिला खंड निघाला. बॅनबरी रस्त्यावरची ती पत्र्याची खोली आज उरलेली नाही. आणि 'बाँडमेड' हा शब्द, आपल्या संपादकाच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी, १९३३ च्या पुरवणीत रीतसर दाखल झाला.